राजसचं न्हाणं-माखणं

मी भित्रा नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून तुमचा तसा समज होणार आहे. डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर होतो. कुठलं पिंप फुटेल, कोण शिडीवरून पडेल, कुणाच्या विडीने काय पेटेल, याचा विचार करायचाच मला पगार मिळायचा. याला भीती म्हणत नाहीत, सावधपणा म्हणतात. आमची ही, म्हणजे शीला, म्हणते, "अहो, पगार बंद झाला ना? मग आता तरी घाबरायचं थांबवा." पण जन्माची सवय रिटायरमेंटच्या नारळाबरोबर परत करता येते थोडीच?

आता अशा सावध माणसाने डुक्कर कशाला घ्यावं, हा प्रश्न आमच्या सोसायटीने मला लिफ्टमध्ये, जिन्यात आणि एकदा तर मयताला गेलो असतानाही विचारलेला आहे. उत्तर एकच. तानाजी.

तानाजी माझ्याच कंपनीत बॉयलरवर होता. आंबिवलीच्या पलीकडे त्याचं गाव. नोकरी सुटल्यावर त्याने आणि भागीरथीवहिनींनी वराहपालन सुरू केलं. (वराहपालन म्हटलं की डुकरं जरा शिकलेली वाटतात.) जानेवारीत त्याच्याकडे पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, खायला गेलो होतो. मडकं उघडायला वेळ होता म्हणून शेड बघायला गेलो, तर वहिनींच्या काळ्या डुकरांमध्ये एक पांढराशुभ्र नर उभा. नुकताच विकायला आलेला. उंच, लांब, आणि चेहऱ्यावर एखाद्या बँक मॅनेजरचा भाव.

"सुधीर, ह्याला घे आणि प्रदर्शनात उतरव," तानाजी म्हणाला. "कल्याणला पशुप्रदर्शन हाय मार्चात. मला ती कागदं-बिगदं जमत नाय. तू साहेब माणूस. कप नक्की."

कप! आमच्या घरातल्या शोकेसमध्ये मुलाचे कप आहेत, शीलाची रांगोळीची बक्षिसं आहेत. माझं म्हणाल तर 'सुरक्षा सप्ताह, उत्तेजनार्थ' असं लिहिलेली एक पितळी वाटी आहे, आणि तिच्यात आम्ही सेफ्टी पिना ठेवतो. मी डुक्कर घेतलं. ते राहणार तानाजीकडे, नाव लागणार माझं.

शीला चार दिवस माझ्याशी भांड्यांच्या आवाजातून बोलली. पाचव्या दिवशी म्हणाली, "एकदा बघून तरी येते, कशापायी माझी अब्रू घालवलीत ते." आंबिवलीला गेलो. त्या प्राण्याने तिच्याकडे पाहिलं, सावकाश चालत आला आणि तिच्या पायांवर डोकं ठेवून डोळे मिटले. संपलं. परत येताना रिक्षात ती म्हणाली, "राजस म्हणायचं त्याला."

हे नाव तिने नातवासाठी काढून ठेवलेलं. नातवाचं नाव सुनेने टोरांटोत नील ठेवलं. तेही छानच आहे, आमचं काही म्हणणं नाही. पण शीला बाळंतपणाला गेली होती ती घाण्यावरचं खोबरेल, वेखंड, मसुराचं पीठ, आंबेहळद असं सगळं बॅगेत भरून. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, बाळाला तेल लावायचं नाही, चोळायचं नाही. सगळं सामान जसंच्या तसं परत आलं आणि माळ्यावर गेलं. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही.

ते सामान आता माळ्यावरून खाली आलं.

आठवड्यातून तीन-चारदा आम्ही आंबिवली गाठायचो. शीला पदर खोचून बसायची आणि राजसला पाठीपासून शेपटीपर्यंत खोबरेल चोळायची. मग पीठ आणि हळद लावून कढत पाण्याने न्हाणं. राजस इतका गप्प उभा राहायचा की मला त्याचा हेवा वाटायचा, कारण माझं डोकं कुणी असं कधी चोळलेलं नाही. न्हाणं झालं की अंग टिपून त्याला अंगणात उन्हाला बसवायचं. "न्हाऊन झाल्यावर ऊन दाखवावंच लागतं. हाडं धरतात," शीला म्हणायची. शेडमागे चिखलाचा खड्डा होता, तो तिने फळ्या टाकून बंद करायला लावला. "एवढं माखून झाल्यावर चिखलात लोळणार? प्रदर्शनाला जायचंय त्याला!" शेवटी आपल्या जुन्या खणाच्या चोळीतून एक रुंद पट्टी काढून तिने त्याच्या गळ्यात बांधली. दृष्ट लागू नये म्हणून काळी तीटही लावली. मी घसरण्याच्या धोक्यापुरतं लक्ष घालून होतो. बाकी मला सगळं रास्त वाटत होतं.

प्रदर्शन दोन आठवड्यांवर आलं होतं. सकाळी चहाचा कप तोंडाला लावला आणि तानाजीचा फोन आला.

"सुधीर, तुझा राजस उठत नाय रे."

"उठत नाही म्हणजे?"

"खात पण नाय. आन अंग लालभडक झालंय. तू ये."

तानाजी बॉयलरवाला. प्रेशर लाल रेघेच्या वर गेलं तरी "जरा बघून जा" म्हणणारा माणूस. तो "ये" म्हणाला, तेव्हा मी चहा तसाच टाकून निघालो.

जाऊन बघतो तर राजस त्याच्या वेगळ्या खोपटाच्या कोपऱ्यात पडलेला. कान लाल, पाठ लाल, अंग थरथरतंय. शीलाने हात लावला मात्र, तो असा किंचाळला की ती मागे पडली. मी त्याला ओरडताना कधी ऐकलंच नव्हतं. तानाजीने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "तो आफ्रिकेचा ताप तर नाय ना रे? अंगावर लाल चट्टे येतात म्हणं."

मी मोबाइलवर 'आफ्रिकन स्वाइन फीव्हर' बघितलं. बघायला नको होतं. लस नाही, औषध नाही. माणसाला होत नाही, पण एका डुकराला निघाला तर त्याला मारायचं आणि आजूबाजूच्या किलोमीटरभरातली सगळी डुकरंही मारून पुरायची. सगळी. मी मान वर केली तर भागीरथीवहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. त्यांच्या मागे त्यांच्या काळ्या माद्या होत्या, त्यातल्या दोन गाभण.

वहिनींनी पदर खोचला. कपडे वाळत घालायची दोरी सोडली आणि राजसच्या आणि आपल्या शेडच्या मध्ये ताणून बांधली. मग म्हणाल्या, "भावोजी, तुमचा एक जाल. माझ्या साऱ्या जातील."

एवढंच. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

मी जनावरांच्या सरकारी दवाखान्याला फोन लावला. तिथल्या गृहस्थांनी पहिला प्रश्न विचारला, "डुक्कर शहरी की ग्रामीण?"

"म्हणजे?"

"पालिकेच्या हद्दीत आहे की पंचायतीच्या?"

हद्द जाते तानाजीच्या शेडमागच्या नाल्याने. आणि नाला दर पावसाळ्यात आपल्या मर्जीने सरकतो. मी फोनवर हात ठेवून विचारलं, "तानाजी, आपण नाल्याच्या अलीकडे की पलीकडे?"

"पावसाच्या आधी अलीकडं होतो. आता नाला शेडखालनं जातो."

मी तसं सांगितलं. पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. "मग डुकराचं तोंड कुठे आहे?"

"तोंड पालिकेत, शेपूट पंचायतीत."

"आणि आजार कुठे आहे?"

"अहो, सगळीकडे आहे!"

"मग दोन्हीकडे कळवावं लागेल."

मी दोन्हीकडे कळवलं. दोन्हीकडून "तिकडे कळवा" असं उत्तर आलं. त्या धावपळीत मी रडकुंडीला आलो, हे कबूल करायला मला लाज नाही. शेवटी डॉ. रुचिता नावाच्या एका पशुवैद्य मुलीचा नंबर मिळाला. तिने हद्द विचारली नाही. "उद्या सकाळी येते," म्हणाली. "तोपर्यंत कुणी आत जायचं नाही, कुणी बाहेर न्यायचं नाही. आणि काका, गेल्या काही दिवसांत तुम्ही दुसऱ्या कुठल्या फार्मवर गेला होतात का?"

मी आपल्या पायांकडे बघितलं. गेलो होतो. मोठा प्रदर्शनवीर म्हणून कल्याणजवळच्या एका फार्मवर टिप्स घ्यायला गेलो होतो, आणि त्याच चपलांनी इथे आलो होतो. ज्या माणसाने कंपनीत आयुष्यभर 'पादत्राणे व सुरक्षा' यावर भाषणं दिली, त्याच्याच चपला! "आठवून सांगतो," असं मी डॉक्टरणीला म्हणालो. इतकं बावळट उत्तर माझ्या खात्यातल्या शिकाऊ पोरानेसुद्धा कधी दिलं नव्हतं.

घरी आल्याबरोबर मी चपला फिनाइलच्या बादलीत बुडवून गॅलरीत ठेवल्या. वास अख्ख्या मजल्यावर पसरला. वासामागून उत्तमराव आले. उत्तमराव आमचे सेक्रेटरी. पाण्याच्या टाकीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत त्यांना सगळ्यात गती आहे.

"सुधीरराव, ऐकलं ते खरं का?" ते दारातच रुमाल नाकाला लावून म्हणाले. "स्वाइन फ्लू?"

"स्वाइन फ्लू नाही. वेगळा ताप. माणसाला होत नाही."

"असं तेही म्हणायचे सुरुवातीला!" ते कोण, हे त्यांनी सांगितलं नाही. "तुम्ही दोघं काही दिवस लिफ्ट वापरू नका. जिना तब्येतीला चांगला."

मग सल्ले सुरू झाले. तळमजल्याच्या सोनलताईंनी होमिओपॅथीच्या गोळ्या पाठवल्या आणि डुकराने कांदा-लसूण वर्ज्य करावा असा निरोप दिला. कुणी म्हणालं कडुनिंबाची धुरी द्या. खुद्द उत्तमराव जिन्यातून परत वर आले आणि जरा भाविक आवाजात म्हणाले, "तसं बघितलं तर वराह हा विष्णूचा अवतार. सहस्रनाम ऐकवून बघा. मोबाइलवर लावलं तरी चालतं." शीलाच्या भिशीतल्या बायकांनी पुढची भिशी आमच्याकडे होती ती परस्पर दुसरीकडे नेली. एरवी तिने चार दिवस तोंडसुख घेतलं असतं. त्या दिवशी तिने नुसतं "बरं" म्हटलं आणि देवापुढे जाऊन बसली.

मला राजसची भीती वाटत होतीच. पण डोळे मिटले की वहिनींची दोरी दिसायची. आपल्याला एक कप हवा म्हणून दुसऱ्याचं घरदार उठायचं? मी हे शीलाला बोलून दाखवलं, चपलांचंही सांगितलं. वाटलं होतं ती करवादेल. ती म्हणाली, "उद्या वहिनींना तुम्ही स्वतः सांगा. डॉक्टरच्या आधी सांगा."

सांगितलं. सकाळी दोरीच्या अलीकडे उभा राहून, अनवाणी. वहिनींनी ऐकून घेतलं. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "काटं हायत तिथं. सपाता घाला." आणि घरातून तानाजीच्या जुन्या सपाता आणून माझ्यापुढे टाकल्या. त्या मला इतक्या लागल्या की बोलू नका. सपाता नव्हेत, ते आणून देणं.

डॉ. रुचिता आली. पांढरा डगला, हातमोजे, बुटांवर पिशव्या. माझ्या खात्यात असती तर मी तिला बक्षीस दिलं असतं. ती एकटी आत गेली. आम्ही चौघं दोरीमागे उभे. तिने ताप बघितला, डोळे बघितले, पोटाखाली हात घातला. राजस कण्हला. शीलाने माझा दंड धरला होता, त्यात तिची नखं रुतत होती. मी मनातल्या मनात सहस्रनाम म्हणायला लागलो. पहिली ओळच येत होती, ती परत परत म्हटली.

"ताप नाहीये," आतून आवाज आला.

आम्ही दोरीवर आणखी वाकलो.

"ह्याच्या गळ्यात हे काय बांधलंय?"

"खण," शीला कसंबसं म्हणाली. "माझ्या चोळीचा."

डॉक्टरणीने पट्टी सोडली. खालच्या कातडीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "इकडे या. सगळे या. या हो, काही होत नाही."

खणाखालची कातडी पांढरी होती. स्वच्छ पांढरी, आणि कडा पट्टीने आखल्यासारख्या सरळ. तीट होती तिथेही एक पांढरा ठिपका. पोटही पांढरं.

"आजार काय खण बघून थांबतो का?" ती म्हणाली. "ह्याला अंघोळ कोण घालतं?"

"मी," शीला म्हणाली.

"अंगाला काय लावता?"

"खोबरेल. घाण्यावरचं आहे, भेसळ नाही."

"आणि मग?"

"मग… उन्हात बसवतो. कोवळ्या."

"किती वाजता?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. डोंबिवलीहून निघून, आंबिवलीला पोचून, तेल, पीठ, न्हाणं सगळं आटपेपर्यंत मार्चातलं ऊन कोवळं कुठून राहणार? डोक्यावर आलेलं असायचं.

"काकू," डॉक्टरीण म्हणाली, "तळलात की हो ह्याला!"

पहिल्यांदा भागीरथीवहिनी हसल्या. हसता हसता मटकन खाली बसल्या आणि डोळ्यांना पदर लावला. "माझ्या काळ्यांना कुठं ऊन लागतंय? मला वाटलं, प्रदर्शनाचं असंच असतंय," त्या म्हणत होत्या. तानाजी "आयला, आयला" एवढंच बोलत होता. मी सुटलो. मला इतकं हलकं वाटलं की मी डॉक्टरणीला वाकून नमस्कार करायला निघालो होतो. ती माझ्या मुलापेक्षाही लहान, म्हणून थांबलो.

शीला हसली नाही. "म्हणजे मीच केलं," ती म्हणाली. "तिकडे सूनबाईने हात लावू दिला नाही, तेव्हा मी मनातून तिला किती बोलले. तिने बरंच केलं म्हणायचं." आणि ती रडायला लागली. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी तिला चारचौघांत रडताना पाहिलं नव्हतं. सेफ्टी ऑफिसरला अशा वेळी काय करायचं ते कुणी शिकवत नाही.

"तसं नाही हो काकू," डॉक्टरीण म्हणाली. "बाळाला डोक्यावर छप्पर असतं. ह्याला अंगावरचा चिखल हेच छप्पर, ते तुम्ही धुऊन काढलंत. खड्डा उघडा, सावलीत ठेवा, गार पाणी मारा. उठेल. खबरदारी म्हणून रक्त तपासायला घेते, उत्तर येईपर्यंत जागचा हलवू नका."

त्या उत्तराची वाट बघताना माझी पुन्हा पाचावर धारण बसली, कारण 'खबरदारी' हा शब्द मी स्वतः इतक्यांदा वापरला आहे की त्याच्यावर माझा विश्वास उरलेला नाही. पण उत्तर चांगलं आलं. वहिनींनी दोरी सोडली आणि तिच्यावर कपडे वाळत घातले. राजस चिखलात लोळायला लागला, खायला लागला. त्याच्या पाठीची सालं निघाली आणि खालून नवी गुलाबी कातडी आली. तो पुन्हा शीलाच्या पायांवर डोकं ठेवून झोपला, तेव्हा तिच्या साडीचं वाटोळं झालं. तिने पाय हलवले नाहीत.

प्रदर्शनाला आम्ही त्याला तसाच नेला. चिखलासकट. मैदानात मांडव होता तो पाहुण्यांना, जनावरं उन्हात. बाकीची डुकरं धुऊन पुसून, लग्नाला आल्यासारखी उभी होती. आमच्या राजसच्या अंगावर वाळलेल्या चिखलाचा थर. शीला बाटलीतलं पाणी शिंपडून तो ओला ठेवत होती आणि मी त्याच्यावर छत्री धरून उभा. एक छत्री, ती त्याच्या लांबीलाच जेमतेम पुरत होती. लोक फोटो काढत होते. उत्तमराव सोसायटीतल्या चार जणांना घेऊन मुद्दाम आले होते आणि लांबून बघत होते.

परीक्षक आले. पांढरा शर्ट, काळा चष्मा. राजसभोवती एक फेरी मारली, पाय बघितले, पाठीच्या लांबीवर हात फिरवला. चेहरा बदलला.

"बांधा उत्तम आहे," ते म्हणाले. "ह्या गटात असा दुसरा नाही. पण रंग दिसत नाहीये. नळावर नेऊन स्वच्छ धुऊन आणा आणि रांगेत उभा करा. पहिल्यात बसतो."

नळ मैदानाच्या मधोमध, भर उन्हात. रांग त्याच्यापुढे, तीही उन्हात. समोर टेबलावर कप मांडलेले. पहिल्या नंबरचा चांगला हातभर उंच होता. मी मनात त्याला शोकेसमध्ये ठेवूनही बघितलं. सेफ्टी पिना दुसरीकडे ठेवल्या. मग शीलाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती. बाटलीचं झाकण लावत होती, लागत नव्हतं, तरी लावत होती.

"नाही धुणार," मी म्हणालो.

"काय म्हणालात?"

"ऊन आहे साहेब."

"अहो, हे प्रदर्शन आहे!"

"असेल. ऊनही आहे."

परीक्षकांनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं, मग राजसकडे, आणि पुढे गेले. कप दुसऱ्या कुणाच्या तरी स्वच्छ डुकराला मिळाला. टाळ्या वाजल्या. तानाजीने कपाळावर हात मारला. मलाही वाजवायच्या होत्या, पण हातात छत्री होती.

टेम्पोत मागे राजसशेजारी बसल्यावर तानाजी म्हणाला, "जरा धुतला असता तर काय झालं असतं रे? पाच मिनटाचा खेळ. तू ना, साला पहिल्यापासनं भित्रा."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि हात चुरचुरणाऱ्या डोक्याकडे गेला. शीलाने माझ्याकडे निरखून बघितलं. सबंध वेळ छत्री राजसवर होती आणि माझं टक्कल उघड्यावर. "अगंबाई, लालभडक झालंय," ती म्हणाली. सवयीने तिने पिशवीतून खोबरेलाची बाटली काढली, झाकण उघडलं, थांबली आणि बाटली पुन्हा पिशवीत ठेवली.

"भित्रे नाहीत हो तानाजीभावोजी," ती म्हणाली. "सावध आहेत."

आणि राजसच्या पाठीवरचा ओला चिखल चार बोटांवर घेऊन तिने माझ्या टकलावर चोळायला सुरुवात केली. अगदी हळू. मी गप्प बसून राहिलो, राजस राहायचा तसा.